प्रौढ वयात पोहण्याचा वेग

पोहता येणे आणि पोहत दूरवर जाता येणे यांत किती अंतर आहे, हे पुष्कळांच्या ध्यानात चाळिशीच्या आगेमागे येते. आपल्याकडे गावच्या विहिरीत, पाठीला भोपळा किंवा पांगाऱ्याचे लाकूड बांधून मुले जे पोहणे शिकत आली, त्याचा हेतू बुडू नये एवढाच होता. काठावरून उडी घ्यावी, दहावीस हात मारून पायऱ्या गाठाव्यात, आणि वर चढून पुन्हा उडी घ्यावी. विहिरीचा घेर तो केवढा! तेवढ्यात मान पाण्याबाहेर ठेवून, छाती उचलून, जोराने हात आपटीत गेले तरी काम भागत असे. या पोहण्याने कितीतरी जीव वाचवले आहेत. तेव्हा त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु हाच मुलगा पुढे बेचाळीस वर्षांचा गृहस्थ होतो, रोज पहाटे सातआठ किलोमीटर धावू लागतो, रविवारी सायकलवरून घाट चढू लागतो, आणि आता ट्रायथलॉन नावाच्या तिहेरी शर्यतीत भाग घ्यावा म्हणून शहरातल्या २५ मीटर लांबीच्या तलावात उतरतो. दोन फेऱ्या होतात न होतात तोच त्याची छाती भात्यासारखी वरखाली होऊ लागते. शेजारच्या पट्ट्यात एखाद्या साठीच्या बाई शांतपणे आपली तिसावी फेरी पुरी करीत असतात. दमसास कमी म्हणावा, तर धावण्यात हा गृहस्थ त्यांना सहज मागे टाकील. मग हा फरक येतो कोठून? श्रोतेहो, आज त्याविषयीच थोडे विवेचन करावयाचे आहे.

ही तिहेरी शर्यत तशी अलीकडची. १९७४ साली अमेरिकेतील सॅन दिएगो येथे धावणे, सायकल आणि पोहणे यांची सांगड घालून ती भरवण्यात आली. १९७८ साली हवाईमधील ओआहू बेटावर तिचे अतिदीर्घ रूप सुरू झाले. त्या पहिल्या वर्षी १५ जण उतरले आणि १२ जणांनी ती पुरी केली. २००० साली सिडनी येथे तिला ऑलिंपिक सामन्यांत स्थान मिळाले. ऑलिंपिकमधील अंतरे १.५ किलोमीटर पोहणे, ४० किलोमीटर सायकल आणि १० किलोमीटर धावणे अशी आहेत. हवाईच्या शर्यतीची अंतरे ऐकूनच पुष्कळांना घाम फुटेल : ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि वर ४२.२ किलोमीटर धावणे. मराठी मुलखात नाव मिळवलेल्या मिलिंद सोमण यांनी पन्नाशीच्या उंबरठ्यावर असताना, २०१५ साली झुरिच येथे ही दीर्घ शर्यत पुरी केली. तिच्या निम्म्या अंतराची शर्यत २०१९ साली गोव्यात, पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर भरली, आणि तेव्हापासून आपल्याकडील मध्यमवयीन मंडळींची दृष्टी समुद्राकडे वळली आहे.

या तीन अंगांपैकी पोहण्याला वेळ सर्वांत थोडा लागतो. हौशी माणसाला दीड किलोमीटर पोहावयास अर्धा-पाऊण तास लागत असेल, तर सायकलीवर आणि धावण्यात त्याहून कितीतरी अधिक वेळ जातो. तेव्हा पोहण्यातली पाच मिनिटे वाचली काय आणि न वाचली काय, असे कोणी विचारील. हिशेबाच्या दृष्टीने त्याचे म्हणणे खोटे नाही. परंतु पोहणे हे पहिले अंग आहे. तेथे जो दमून, घाबरून, नाकातोंडात पाणी गेलेल्या अवस्थेत बाहेर येतो, त्याची पुढची शर्यत तेथेच बिघडते. आणि जो संथपणे, श्वास ताब्यात ठेवून येतो, त्याच्या अंगात सायकलीसाठी बळ शिल्लक असते. शिवाय रस्त्यावर दमलेला मनुष्य कडेला बसू शकतो. पाण्यात बसावयास जागा नसते. म्हणून प्रौढ माणसाने वेगाचा विचार करताना सोपेपणाचा विचार आधी करावा, असे मला वाटते. आणि सुदैवाने पाण्याचा स्वभावच असा आहे की, पोहणे सोपे झाले म्हणजे वेग बऱ्याच अंशी आपोआप येतो.

पाणी हे हवेच्या सुमारे ८०० पट दाट आहे. धावणाऱ्याला हवेचा अडथळा जवळजवळ जाणवत नाही. पोहणाऱ्याला मात्र पुढे जाण्यासाठी लावलेल्या बहुतेक शक्तीचा विनियोग या दाट पदार्थाला बाजूला सारण्यातच करावा लागतो. आणि हा अडथळा वेगाच्या प्रमाणात वाढत नाही, वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट केला तर अडथळा चौपट होतो, आणि तो वेग टिकवण्यासाठी लागणारी शक्ती आठपट होते. याचा व्यवहारातला अर्थ असा की, केवळ जोर वाढवून एखाद्याला आपला वेग शेकडा १० ने वाढवावयाचा असेल, तर त्याला शक्ती शेकडा ३३ ने अधिक लावावी लागेल. चाळिशीनंतर एक-तृतीयांश शक्ती वाढवणे ही काही थट्टा नव्हे. उलट शरीराची ठेवण सुधारून अडथळा कमी केला, तर तेवढाच वेग पदरचे काही खर्च न करता मिळतो. पट्टीच्या जलतरणपटूच्या बाबतीतही खर्च झालेल्या शक्तीचा दहावा हिस्सा जेमतेम पुढे जाण्याच्या कामी येतो. नवशिक्याचा तर त्याहूनही कमी. म्हणजे घरात पैसा कमी आहे अशी तक्रार करण्यापूर्वी घागरीला भोके किती आहेत ते पाहावे, तसाच हा प्रकार आहे.

ठेवणीने केवढा फरक पडतो याची साक्ष इतिहासच देतो. १८७५ साली मॅथ्यू वेब या इंग्रज खलाशाने इंग्लिश खाडी प्रथम पोहून पार केली, ती बेडकासारखे हातपाय फाकून पोहण्याच्या पद्धतीने. त्याला पावणेबावीस तास लागले. १९२६ साली गर्ट्रूड एडर्ली ही विशीतली अमेरिकन तरुणी हात आळीपाळीने डोक्यावरून पुढे टाकण्याच्या पद्धतीने, म्हणजेच ज्याला आपण आज मुक्त शैली किंवा फ्रीस्टाईल म्हणतो त्या पद्धतीने, तीच खाडी सुमारे साडेचौदा तासांत पोहून गेली आणि तोवरच्या सर्व पुरुषांना तिने मागे टाकले. गंमत अशी की, ही पद्धत युरोपाला फार उशिरा पटली. १८४४ साली उत्तर अमेरिकेतील दोन आदिवासी जलतरणपटूंनी लंडनमध्ये ती दाखवली, तेव्हा पवनचक्कीसारखे हात फिरवणारे हे रानटी पोहणे सभ्य माणसाला शोभत नाही असा तेथील प्रेक्षकांचा अभिप्राय पडला! पुढे १८७३ मध्ये ट्रजन नावाच्या गृहस्थाने दक्षिण अमेरिकेत पाहिलेली हातांची ढब इंग्लंडात आणली. नंतर सिडनीत सॉलोमन बेटांहून आलेल्या ॲलिक विकहॅम या मुलाची पायांची झपझप लय पाहून तेथील कॅव्हिल बंधूंनी तिला शिस्त लावली. आणि १९२२ साली जॉनी वाइसम्युलरने १०० मीटर अंतर एका मिनिटाच्या आत पार केले. ज्याला आपण आधुनिक शास्त्र म्हणतो ते मुळात प्रशांत महासागरातल्या बेटांवरील मुलांना ठाऊक होते, हे विसरू नये.

प्रौढपणी ही विद्या येते का, या शंकेलाही इतिहासात उत्तर आहे. मिहिर सेन कायद्याच्या अभ्यासासाठी इंग्लंडात गेले, तेव्हा त्यांना पोहण्याचा सराव असा नव्हताच. फ्लोरेन्स चॅडविक या जलतरणपटूविषयी वाचून त्यांच्या मनाने उचल खाल्ली. त्यांनी तेथे रीतसर शिकवणी लावून ही शैली आत्मसात केली, काही प्रयत्न फसले, आणि २७ सप्टेंबर १९५८ रोजी ते १४ तास ४५ मिनिटांत इंग्लिश खाडी पार करणारे पहिले भारतीय ठरले. दुसरे उदाहरण अमेरिकेतील प्रसिद्ध शिक्षक जेम्स कौन्सिलमन यांचे. त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांना शिकवले आणि १९७९ साली, वयाच्या ५८ व्या वर्षी, स्वतः ती खाडी पोहून दाखवली.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. पाण्यावर पालथे पडलेले शरीर म्हणजे एक तराजू आहे. आपल्या फुफ्फुसांत हवा असते म्हणून छाती तरंगते. पाय हाडामांसाचे, जड, म्हणून ते बुडू पाहतात. धावणाऱ्या आणि सायकल चालवणाऱ्या माणसाच्या पायांत चरबी कमी आणि स्नायू अधिक, म्हणून त्याचे पाय इतरांपेक्षा लवकर खाली जातात. त्यात त्याने समोर पाहण्यासाठी डोके उचलले, की चारपाच किलो वजनाचे ते डोके पाण्याचा आधार सोडते आणि तराजूचे दुसरे पारडे, म्हणजे कंबर व पाय, आणखी खाली बसते. मग तो पाण्यातून जात नाही, पाण्यात तिरपी धरलेली फळी ढकलीत नेतो. विहिरीत शिकलेली ताठ मान येथे महाग पडते ती अशी.

यावर उपाय साधा असला तरी मनाला न पटणारा आहे. डोके सैल सोडून द्यावे, नजर तळाच्या फरशीकडे ठेवावी, मानेचा मागचा भाग लांब ठेवावा, आणि छाती किंचित पाण्यात दाबावी. छाती दाबली की कंबर वर येते. एखाद्या निवांत सकाळी तलावाच्या भिंतीला पाय लावून, दोन्ही हात कानांशी जुळवून पुढे ताणावे आणि भिंतीला रेटा देऊन नुसते सरकत जावे. हात नाही, पाय नाही. आपण किती दूर जातो ते पाहावे. पुढच्या खेपेस डोके उचलून तेच करून पाहावे. दोन्हींतला फरक पाहिला की या विषयावर आणखी व्याख्यान ऐकण्याची गरज उरत नाही. पहिले दोन आठवडे रोज दहा मिनिटे एवढेच केले तरी ते वाया जात नाही. पण प्रौढ माणसाला याची लाज वाटते. त्याला फेऱ्या मोजावयाच्या असतात.

ठेवणीनंतर श्वास, आणि माझ्या मते प्रौढांची सर्वांत अधिक फसगत येथेच होते. बहुतेक नवशिके तोंड पाण्यात असताना श्वास कोंडून धरतात. तोंड बाहेर आले की मग त्या अर्ध्या क्षणात आधी आतली हवा बाहेर टाकावयाची आणि नंतर नवी आत घ्यावयाची, अशी त्यांची धांदल उडते. साहजिकच अर्धी जुनी हवा आत राहते. गुदमरल्याची जी भावना आपल्याला होते, ती प्राणवायू कमी पडल्यामुळे तितकी होत नाही, जितकी रक्तात कर्बवायू साठल्यामुळे होते. म्हणजे आपल्याला हवा कमी मिळते असे वाटत असते, आणि वस्तुतः आपण हवा सोडीत नसतो. दोन फेऱ्यांत फुलणारी छाती ही पुष्कळदा अशा कोंडलेल्या श्वासाची असते. तिचा दमसासाशी संबंध थोडा.

ज्यांनी प्राणायामाचा थोडा परिचय करून घेतला आहे, त्यांना ही गोष्ट चटकन उमजेल. पोहताना पूरक अगदी अल्प, आणि रेचक लांब व अखंड. तोंड पाण्यात गेले की नाकातोंडातून संथपणे बुडबुडे सोडीत राहावे. मान वळण्याच्या वेळेस छाती रिकामी होत आलेली असली की नवा श्वास आपोआप आत शिरतो, तो ओढावा लागत नाही. कुंभकाला मात्र येथे मुळीच स्थान नाही. कमरेइतक्या पाण्यात काठाला धरून उभे राहावे, तोंड बुडवून बुडबुडे सोडावेत, बाजूला वळून श्वास घ्यावा, पुन्हा बुडवावे. असे वीस-तीस वेळा न थांबता आणि न धापता करता आले, की मगच फेऱ्यांचा विचार करावा.

श्वास घेण्यासाठी डोके उचलावयाचे नसते, वळवावयाचे असते, आणि तेही एकटे डोके नव्हे. खांदे आणि कंबर यांसह सारे धड एका कुशीवर किंचित कलते, त्याबरोबर तोंड पाण्याबाहेर येते. एक डोळा पाण्यात आणि एक बाहेर, इतकेच वळण पुरे. हे अशक्य वाटते खरे. पण पुढे जाणाऱ्या डोक्यामुळे त्याच्या समोर पाण्याची एक लहानशी लाट उठते आणि गालाशेजारी खळगा पडतो. त्या खळग्यात पाण्याची पातळी खाली असते, आणि तेथे तोंडाला हवा सापडते. खळगा वेगामुळे पडतो, म्हणून थांबत थांबत जाणाऱ्याला तो मिळत नाही. श्वास दोन्ही कुशींवर घेता यावा, एवढी सवय तलावात करून ठेवावी. समुद्रात एका बाजूने लाटा येत असल्या किंवा सूर्य डोळ्यांवर असला, म्हणजे दुसरी कूस कामी येते.

हाताविषयी पुस्तकांत पुष्कळ मतभेद होऊन गेले. कौन्सिलमन यांनी पाण्याखाली चित्रण करून १९६८ साली जो मोठा ग्रंथ लिहिला, त्यानंतर कित्येक वर्षे हात पाण्यात नागमोडी वाटेने फिरवावा असे शिकवले जात होते. पंख्याच्या पात्यासारखे त्यातून उचल मिळते अशी उपपत्ती होती. पुढील अभ्यासातून असे दिसले की, मुख्य रेटा पाणी सरळ मागे ढकलल्यानेच मिळतो. आपल्यासारख्याने हा वाद पंडितांवर सोपवून एवढेच लक्षात ठेवावे : पाणी खाली दाबल्याने शरीर वर जाते, पाणी मागे ढकलल्याने शरीर पुढे जाते. नवशिक्याचा हात ताठ असतो. तो पाण्यात पडल्याबरोबर खाली दाबला जातो, त्याने छाती उचलली जाते, पाय बुडतात, आणि मघाचा तराजू पुन्हा बिघडतो.

हात खांद्याच्या रेषेत, बोटे आधी, हळूच पाण्यात शिरावा. डोक्यासमोरून पलीकडे जाऊ नये, नाहीतर शरीर सापासारखे वळवळते. शिरल्यावर तो पुढे लांबवावा. मग कोपर वरच ठेवून केवळ पंजा आणि पुढचा हात खाली वळवावा, एखाद्या मोठ्या रांजणाच्या पोटावरून आपण हात टाकून त्याला कवेत घेतो तसा. आता पंजापासून कोपरापर्यंतचा सारा हात मागे तोंड केलेल्या वल्ह्यासारखा होतो. हे वल्हे मांडीपर्यंत मागे न्यावे. त्याच वेळी धड दुसऱ्या कुशीकडे कलत असते, म्हणून हा जोर एकट्या खांद्याचा न राहता पाठीच्या रुंद स्नायूंचा होतो. खांद्याचा सांधा हा प्रौढ पोहणाऱ्याचा नाजूक भाग आहे. कार्यालयात बसून बसून आखडलेल्या पाठीने जे वळण मिळत नाही, ते तो सांधा बिचारा भरून काढू पाहतो आणि दुखू लागतो. दुखू लागल्यावर फेऱ्या वाढवणे हा शूरपणा नव्हे. तळव्याला बांधावयाच्या फळ्या मिळतात, त्या तर पहिल्या वर्षी वापरूच नयेत. उलट मुठी मिटून दोन फेऱ्या पोहून पाहाव्यात; मूठ उघडल्यावर पुढच्या हाताला पाणी कसे लागते ते कळते.

पायांबद्दल थोडक्यात सांगता येईल. ते कमरेपासून हलावेत, गुडघ्यापासून नव्हे. घोटे सैल असावेत. धावणाऱ्यांचे घोटे ताठ असतात, त्यामुळे त्यांची पावले पाण्यात आकड्यासारखी अडकतात. फळी धरून नुसते पाय मारावयास सांगितले तर काही जण चक्क मागे जातात! घोटे ताणण्याचा व्यायाम घरी रोज करावा. बाकी पुढे सायकल चालवावयाची असल्याने पाय राखून ठेवणेच शहाणपणाचे. एका हाताला एक ठोका, तोही तोल सांभाळण्यापुरता, इतके दीर्घ अंतराला बस्स होते. मांड्यांमध्ये धरावयाचा तरंगता ठोकळा पुष्कळांना प्रिय असतो, कारण तो पाय वर धरतो आणि वेग वाढल्याचा भास होतो. अधूनमधून ठीक, रोज घेतला तर ती कुबडी होते आणि ठेवणीचा दोष तसाच राहतो.

हे सारे जमले की नाही, हे कळावे कसे? पोहण्याचा वेग म्हणजे एका हातात कापलेले अंतर गुणिले मिनिटाला पडलेले हात. दोन्ही मोजता येतात. एका फेरीत किती हात पडतात ते मोजावे. प्रौढ नवशिक्याचे २५ मीटरमध्ये २८-३० हात सहज पडतात. ठेवण सुधारली की ते २०-२२ वर येतात. मात्र येथे एक लबाडी संभवते. हात कमी दिसावेत म्हणून कित्येक जण प्रत्येक हातानंतर थांबून सरकत राहतात. वेग पडतो आणि पुन्हा नव्याने उचलावा लागतो. म्हणून हातांच्या संख्येत लागलेले सेकंद मिळवावेत आणि ती बेरीज कमी होते का ते पाहावे. सेकंद न वाढता हात कमी झाले, तर सुधारणा खरी.

दुसरे माप दमाचे. एके दिवशी, नीट विसावा घेऊन, ४०० मीटर जोराने पोहावे व वेळ टिपावी. पुरेशी विश्रांती घेऊन २०० मीटरही तसेच पोहावे. समजा, ४०० मीटरला ९ मिनिटे आणि २०० मीटरला ४ मिनिटे १० सेकंद लागले. फरक ४ मिनिटे ५० सेकंदांचा, आणि अंतराचा फरक २०० मीटरचा. म्हणजे दर १०० मीटरला २ मिनिटे २५ सेकंद. न ढासळता बराच वेळ टिकू शकेल असा आपला वेग साधारणपणे हा समजावा. याच वेगाने १०० मीटर पोहावे, १५-२० सेकंद थांबावे, पुन्हा पोहावे. असे आठ-दहा वेळा. शेवटच्या १०० मीटरला पहिल्याइतकाच वेळ लागावा, एवढीच अट. रविवारी एकदाच तलावावर जाऊन दोन तास पाणी बडवण्यापेक्षा आठवड्यातून तीनदा पाऊण-पाऊण तास जाणे फार हिताचे; कारण पाण्याचा स्पर्श हात चारच दिवसांत विसरतो. दमलेल्या शरीराची ढब बिघडते, आणि बिघडलेल्या ढबीचा सराव केला की तीच पक्की होते. म्हणून ढब सुधारण्याचा सराव आरंभी, ताज्या अंगाने करावा, आणि एका वेळी एकच दोष हाती घ्यावा. कोणा मित्राकडून फोनवर आपले चित्रण करवून घ्यावे. आपण पाण्यात कसे दिसतो याविषयीची आपली कल्पना आणि वस्तुस्थिती यांत किती तफावत असते, ते पाहून मन थोडे खट्टू होईल, होऊ द्यावे.

लहान मुलाच्या मानाने प्रौढाची अडचण वेगळीच आहे. मुलाला नवे शिकावयाचे असते. प्रौढाला आधी जुने सोडावे लागते. पंचवीस-तीस वर्षे मुरलेली मानेची सवय आठवड्यात जात नाही. नवी ढब धरली की आरंभी वेग घटतो, शेजारचा पुढे निघून जातो, आणि पुष्कळ जण याच ठिकाणी पुन्हा जुन्या आपटाआपटीकडे वळतात. हा मंदावण्याचा काळ काही आठवड्यांचा असतो, कधी दोनतीन महिन्यांचाही. पण प्रौढाच्या बाजूने एक गोष्ट आहे : त्याला कारण समजते. का, हे एकदा कळले की तो कंटाळवाणा सरावही निमूटपणे करतो.

आता उघड्या पाण्याविषयी. येथे बोलणे थोडे गंभीर करावे लागेल. अमेरिकेतील ट्रायथलॉन शर्यतींत १९८५ ते २०१६ या काळात घडलेले मृत्यू आणि हृदयक्रिया बंद पडण्याचे प्रसंग अभ्यासकांनी एकत्र केले. अशा १३५ प्रसंगांपैकी ९० पोहण्याच्या टप्प्यातले होते. त्यांत पुरुषच फार, आणि सरासरी वय सत्तेचाळिशीच्या जवळचे. शेकडो माणसे एकदम पाण्यात शिरतात, कोणाचा पाय तोंडावर बसतो, तळ दिसत नाही, श्वास आखडतो, हृदय जोराने धडधडू लागते. आत आधीच काही दुखणे दडलेले असेल तर ते अशा वेळी डोके वर काढते. म्हणून चाळिशी उलटलेल्याने शर्यतीत नाव घालण्यापूर्वी वैद्याकडून हृदयाची तपासणी करून घ्यावी. आरंभाच्या गर्दीत पुढे घुसू नये. मिनिटभर मागे थांबून कडेने निघावे. पहिले २०० मीटर मुद्दाम हळू, रेचकाकडे लक्ष ठेवून पोहावेत. भीती वाटलीच तर उताणे व्हावे, आकाशाकडे पाहत पाचदहा श्वास सावकाश सोडावेत, आणि हात उंच करून बचावाच्या होडीला बोलवावे. होडीला धरून क्षणभर विसावल्याने शर्यतीतून कोणी काढून टाकीत नाही; तिच्या आधाराने पुढे सरकू नये, इतकाच सर्वसाधारण नियम.

सरावासाठी समुद्रात, नदीत किंवा धरणाच्या पाण्यात एकट्याने कधीही उतरू नये. ओहोटीची ओढ, पावसाळ्यातला गढूळ लोंढा, धरणाच्या दरवाजांजवळचे खेचणारे पाणी, तळाचा गाळ आणि वेली यांच्यापुढे पट्टीचा पोहणाराही लहान ठरतो. जागेची माहिती स्थानिक कोळी बांधवांना विचारावी. डोक्याला भडक रंगाची टोपी असावी, आणि कमरेला बांधून मागे ओढता येईल असा तरंगता फुगा असावा. खाऱ्या पाण्याचा एक दिलासाही आहे : ते गोड्या पाण्याहून थोडे जड असल्यामुळे शरीर अधिक वर तरंगते, आणि तलावात बुडणारे पाय येथे पुष्कळदा आपसूक वर येतात.

समुद्रात तळाला पट्टे आखलेले नसतात, त्यामुळे सरळ जाणे हे स्वतंत्र कौशल्य होऊन बसते. आठदहा हातांनंतर एकदा, मगर पाण्यातून पाहते तसे केवळ डोळे वर काढावेत, खुणेचा बोया किंवा त्यामागचे एखादे ताडाचे झाड हेरावे, आणि लगेच मान बाजूला वळवून श्वास घ्यावा. समोर पाहणे आणि श्वास घेणे या दोन क्रिया एकत्र करू गेले की विहिरीतली ताठ मान परत येते. आपल्यापेक्षा किंचित वेगवान पोहणाऱ्याच्या पावलांमागे किंवा त्याच्या कमरेशेजारी राहिले तर पाण्याचा अडथळा बराच कमी होतो. हे नियमाला धरून आहे. मात्र पुढचा भलतीकडे चालला असेल तर त्याच्यामागून आपणही भलतीकडे जातो, तेव्हा अधूनमधून स्वतःच्या डोळ्यांनी खूण पाहणे सुटत नाही.

किनारा दिसू लागला की पुष्कळ जण उतावीळ होऊन लवकर उभे राहतात आणि छातीभर पाण्यात चालू पाहतात. पोहण्यापेक्षा त्यात दम अधिक जातो. हात पुढे टाकताना बोटांना वाळू लागेपर्यंत पोहतच राहावे. शेवटच्या शंभरेक मीटरमध्ये पाय थोडे अधिक हलवावेत, म्हणजे इतका वेळ निवांत असलेल्या पायांकडे रक्त वळते आणि उभे राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येण्याचा संभव कमी होतो. मग सावकाश उठावे, चष्मा कपाळावर सारावा, दोन खोल श्वास सोडावेत, आणि सायकल कोणत्या रांगेत उभी केली होती ते आठवीत वाळूवरून चालू लागावे.